पंप बेंचवर चढवल्यावर : टर्बो डिझेल ट्रकच्या इंधन-कॅलिब्रेशन सेवेचे परीक्षण

माल भरलेला ट्रक चढाला लागला की दम सोडतो, ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर लोटतो आणि एवढे डिझेल पिऊनही ओढत नाही, ही तक्रार घेऊन मी एका डिझेल पंप सर्व्हिस केंद्राकडे गेलो होतो. इंजिन सहा सिलिंडरचे, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा) असलेले, यांत्रिक इनलाइन पंपाचे (प्रत्येक सिलिंडरसाठी ओळीत एक प्लंजर, म्हणजे छोटा दट्ट्या, असलेल्या पंपाचे) आहे. पंप उतरवून तो फिरवून डिझेल मोजणाऱ्या टेस्ट बेंचवर तपासणे, सहाही नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारी तोंडे) तपासणे, पंप बसवताना टाइमिंग (डिझेल पडण्याची वेळ) लावणे आणि शेवटी माल भरलेल्या गाडीवर रस्त्यावर जुळणी करणे, असे संपूर्ण काम मी त्यांच्याकडून करून घेतले. त्यानंतर चार महिने गाडी भरून चालवली आणि मगच हे लिहायला बसलो, कारण इंधनाच्या जुळणीचा निकाल गॅरेजच्या दारात कळत नाही, तो भार ओढताना कळतो.

या आधी काय घडले होते ते सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. गाडीचा पिकअप गेला तेव्हा मी प्रथम एका मिस्त्रीकडे गेलो होतो. त्याने "डिझेल कमी पडतंय, वाढवून देतो" असे म्हणून पंपाच्या मागच्या बाजूचे सील तोडले, फुल-लोड स्टॉप, म्हणजे डिझेलची कमाल मर्यादा ठरवणारा अडथळा, पुढे सरकवला आणि इंजिनाच्या आवाजावरून अंदाज घेत गाडी परत दिली. पहिल्या दिवशी गाडी हलकी वाटली, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. आठवड्याभरात मात्र खालच्या फेऱ्यांवर धुराचे लोट निघू लागले, चढावर एक्झॉस्टचे तापमान टर्बोच्या आधी ७५० अंश सेल्सिअसपर्यंत जाताना मी स्वतः गेजवर पाहिले आणि नवे ऑइल नेहमीपेक्षा फार लवकर दाट काळे झाले. मूळ दोष तसाच राहिला होता आणि त्याच्यावर दुसरा दोष चढवला गेला होता.

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा हवा कमी-जास्त करणारा पडदा (थ्रॉटल) नसतो. हवा जेवढी येते तेवढी येते आणि शक्ती किती मिळणार हे त्यात किती डिझेल सोडले यावर ठरते. म्हणूनच "डिझेल वाढवा" हा सल्ला इतका सहज दिला जातो, पण हवेचा हिशेब न करता तो देणे म्हणजे अर्धेच गणित सोडवणे होय. सुमारे सहा लिटर क्षमतेचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर पंप त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे १००० फेरे फिरतो आणि पंपातला प्रत्येक प्लंजर मिनिटाला १००० वेळा डिझेल ढकलतो. प्रत्येक वेळी १०० घन मिलिमीटर डिझेल गेले, तर सहा सिलिंडर मिळून मिनिटाला ६०० मिलिलिटर आणि तासाला ३६ लिटर होतात, म्हणजे वजनात जवळजवळ ३० किलो. दर किलोवॅट-तासाला २२० ग्रॅम डिझेल लागते असे धरले तर यातून साधारण १३६ किलोवॅट शक्ती मिळते. आता हवेकडे पाहू. टर्बोने १ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाएवढा, जादा दाब दिला आणि इंटरकूलरमधून हवा ५० अंशांपर्यंत थंड होऊन आली, तर या इंजिनात मिनिटाला साडेअकरा किलोंच्या आसपास हवा जाते आणि अर्धा किलो डिझेलला तेवीसपट हवा मिळते, ज्यात इंधन स्वच्छ जळते. टर्बोने दाबच दिला नाही, तर तीच हवा सव्वासहा किलोंच्या आसपास राहते आणि प्रमाण साडेबारापटीवर येते. डिझेल पूर्ण जळायला कागदावरच किमान साडेचौदापट हवा लागते आणि प्रत्यक्षात धूर टाळायचा तर त्याहून बरीच जास्त. उरलेले डिझेल मग काजळी होऊन बाहेर पडते.

हे प्रमाण दर स्ट्रोकचे आहे, त्यामुळे ११०० फेऱ्यांवर पाय दाबला तरी हिशेब फारसा बदलत नाही. पाय दाबल्यापासून टर्बो वेग घेऊन दाब देईपर्यंत जो काळ जातो, त्या काळात इंजिनाला पूर्ण डिझेल देता कामा नये. हे सांभाळण्यासाठी इनलाइन पंपाच्या गव्हर्नरवर (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागावर) बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, पाहून चालणारा बूस्ट कंट्रोलचा डबा बसवलेला असतो, ज्याला काही जण ॲनेरॉइड म्हणतात. इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी त्यात येते, टर्बोचा दाब आतल्या डायफ्रामवर पडतो, डायफ्राम (रबरी पडदा) स्प्रिंगला दाबतो आणि रॅकला, म्हणजे किती डिझेल जायचे ते ठरवणाऱ्या पट्टीला, पुढे सरकायची मोकळीक देतो. दाब नाही तर रॅक अलीकडेच अडतो. या डब्यात तीन गोष्टी जुळवायच्या असतात : दाब नसताना रॅक कुठे थांबावा, किती दाबावर तो सुटायला लागावा आणि पूर्ण दाबावर तो कुठपर्यंत जावा. टर्बो डिझेलची खरी जुळणी या तिन्हींच्या मेळात आहे. फुल-लोड स्टॉप हा त्यातला फक्त शेवटचा टप्पा आहे आणि बहुतेक ठिकाणी हात तेवढ्याच टप्प्याला लागतो.

या केंद्रात पहिल्याच भेटीत मला जे आवडले ते हेच, की त्यांनी स्क्रूला हात लावायच्या आधी वाचन घेतले. बेंच चालवणारे गृहस्थ म्हणाले, "पंप जसा आलाय तसाच आधी चालवून पाहू. तुम्ही थांबा, समोर बघा." पंप बाहेरून धुऊन बेंचवर चढवला, त्याला कॅलिब्रेशन ऑइलच्या नळ्या जोडल्या आणि ऑइल ४० अंशांपर्यंत गरम होईपर्यंत ते वाट पाहत राहिले. ऑइल थंड असेल तर ते दाट असते, प्लंजरच्या फटीतून कमी गळते आणि वाचन खोटे येते, म्हणून ही वाट पाहणे आवश्यक असते. घाईच्या ठिकाणी नेमकी हीच वाट पाहिली जात नाही.

मग बेंच १००० फेऱ्यांवर नेला आणि मोजणी सुरू केली. समोर ओळीने सहा काचेच्या मोजनळ्या होत्या. स्ट्रोकची मोजणी १००० वर पोहोचेपर्यंत, म्हणजे बरोबर एक मिनिट, सहाही नळ्यांमध्ये ऑइलची पातळी एकदम चढत होती, पण चौथी नळी सुरुवातीपासूनच मागे पडत होती. मोजणी थांबली, फेस बसू दिला आणि त्यांनी डोळा पातळीच्या रेषेत आणून आकडे वाचले. पाच नळ्या १०८ ते ११२ मिलिलिटरच्या दरम्यान होत्या आणि चौथी ९४ वर होती. माझ्या पंपाच्या तक्त्यात त्या वेगाला ९८ ते १०० चा आकडा दिलेला होता. म्हणजे पाच सिलिंडरांना ठरल्यापेक्षा दहाएक टक्के जास्त डिझेल जात होते आणि चौथा उपाशी होता. इंजिन रिकाम्या फेऱ्यांवर थरथरायचे त्याचे कारण मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसले. चौथ्या प्लंजरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हची, म्हणजे नळीत गेलेले डिझेल परत येऊ न देणाऱ्या झडपेची, सीट झिजली होती. व्हॉल्व्ह बदलला, बाकीच्या प्लंजरांची जुळणी केली आणि शेवटच्या वाचनात सहाही नळ्या दोन मिलिलिटरच्या फरकात आल्या.

मूळ दोष मात्र त्यानंतर सापडला. बूस्ट कंट्रोलच्या नळीला हातपंप आणि छोटे गेज लावून त्यांनी अर्धा बार दाब दिला. रॅक जेमतेम हलला आणि गेजचा काटा लगेच खाली सरकू लागला. डबा उघडला तेव्हा डायफ्रामच्या कडेला, जिथे रबराला घडी पडते तिथे, नखाएवढी चीर निघाली. टर्बो दाब देत होता, पण तो डब्यात टिकत नव्हता, त्यामुळे रॅकला पूर्ण डिझेलची मोकळीक कधी मिळतच नव्हती आणि गाडी ओढत नव्हती. आधीच्या मिस्त्रीने स्टॉप सरकवला तेव्हा जे डिझेल पूर्ण दाबावर मिळायला हवे होते ते दाब नसतानाही मिळू लागले आणि तिथूनच धूर सुरू झाला. एका रबरी पडद्याच्या चिरेसाठी माझ्या इंजिनाने काही महिने काजळी खाल्ली, याचे मला अजून वाईट वाटते. ज्यांची टर्बो गाडी धूर न सोडताच सुस्त झाली आहे, त्यांनी डिझेल वाढवण्याआधी ही नळी आणि हा डायफ्राम तपासून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पंप उतरवावाही लागत नाही.

नोझलचे काम चोख होते. सहाही नोझल हाताच्या टेस्टरवर लावून उघडण्याचा दाब पाहिला. दोन नोझल ठरलेल्या दाबापेक्षा वीसएक बार खाली उघडत होते आणि त्यातल्या एकाच्या टोकाला फवाऱ्यानंतर थेंब राहत होता. असा थेंब सिलिंडरात गेला की तो फवाऱ्यासारखा बारीक होत नाही, उशिरा जळतो आणि पिस्टनच्या डोक्यावर एकाच ठिकाणी उष्णता साठवतो. ते दोन नोझल बदलले, बाकीच्यांचे शिम (स्प्रिंगचा ताण ठरवणाऱ्या पातळ चकत्या) जुळवले.

टाइमिंगच्या बाबतीत मी स्वतः फार चिकित्सक आहे, त्यामुळे ते काम मी शेजारी उभा राहून पाहिले. २००० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात १२ अंश फिरतो, म्हणजे पंप बसवताना दोन अंशांची चूक झाली तर डिझेल मिलिसेकंदाच्या सहाव्या भागाइतके आधी किंवा नंतर पडते. ऐकायला ही चूक क्षुल्लक वाटते, पण उशीर झाला की ज्वलन एक्झॉस्टच्या दिशेने ढकलले जाते, थंड इंजिन पांढरा धूर सोडते आणि चढावर तापमान वाढते, आणि घाई झाली की इंजिन खणखणते व सिलिंडरातला दाब हेडगॅस्केटवर आणि बेअरिंगवर येतो. त्यांनी पहिल्या सिलिंडरची डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी स्पिल नळी लावली, फीड पंपाने डिझेल वाहते ठेवले आणि क्रँक हळूहळू फिरवत धार थेंबांवर येऊन थांबते तो क्षण पकडला. फ्लायव्हीलवरची खूण ठरलेल्या अंशाशी जुळली नाही, तेव्हा पंप किंचित फिरवून तीच कृती तीनदा केली. क्रँक उलटा फिरवून खूण जुळवण्याचा मोह त्यांनी टाळला, कारण तसे केले की गिअरमधली ढिलाई मोजणीत शिरते.

रस्त्यावरच्या चाचणीसाठी त्यांनी दोन गोष्टींची अट घातली : गाडी भरलेली हवी, आणि बूस्ट गेज व एक्झॉस्ट तापमानाचे गेज लावलेले हवे. तापमानाचा थर्मोकपल टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्येच असावा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो रास्त आहे. टर्बोमधून जाताना वायू आपली शक्ती चाकाला देतो आणि थंड होतो, त्यामुळे टर्बोनंतरचे वाचन भाराखाली शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसू शकते आणि चालकाला खोटा दिलासा मिळतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पिस्टन त्याहून तप्त वायू सोसतो, कारण त्याला खालून ऑइलचा फवारा थंड करत असतो आणि आगीचा झोत त्याला क्षणभरच लागतो. पण टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या वर मिनिटामागून मिनिटे राहणे ट्रकच्या इंजिनाला मानवत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

चाचणीआधी त्यांनी हवेची गळती शोधली. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या नळ्यांमध्ये बाहेरून दाब भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी मारले. एका क्लॅम्पखाली बुडबुडे आले आणि तो क्लॅम्प बदलला. गळकी हवा ठेवून डिझेल जुळवले असते, तर सगळी मेहनत वाया गेली असती. त्यानंतर एकाच चढावर, एकाच गिअरमध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत दाब यायच्या आधी धुराचा हलका झोत दिसला, म्हणून दाबाविना रॅक जिथे थांबतो ती जागा किंचित मागे घेतली. दुसऱ्या फेरीत धूर गेला, पण गाडी उठायला आळस करू लागली, म्हणून स्प्रिंगचा ताण थोडा कमी केला, जेणेकरून रॅक कमी दाबावरच सुटायला लागेल. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत फक्त पडताळणी केली. दर वेळी एकच बदल करायचा, तो लिहून ठेवायचा आणि मग पुन्हा चढायचे, ही शिस्त मी इतरत्र क्वचितच पाहिली आहे. कितीही दांडगा अनुभव असला तरी दोन स्क्रू एकदम फिरवले की कोणत्याने काय झाले हे कुणालाच सांगता येत नाही.

त्रुटीही सांगायला हव्यात. गाडी घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी थंड इंजिनावर दुसऱ्या सिलिंडराजवळून फसफस असा आवाज येऊ लागला आणि नोझलच्या बुंध्याशी काळी ओल दिसली. नोझलखालचा तांब्याचा वॉशर जुनाच परत बसवला गेला होता. हा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही, हे त्यांना माहीत नसेल असे नाही, म्हणजे हा निष्काळजीपणाच होता. तक्रार केल्यावर त्यांनी त्याच दिवशी सहाही वॉशर बदलून दिले, वेगळे पैसे मागितले नाहीत आणि चूक कबूल केली. तरीही बेंचवर दोन मिलिलिटरचा फरक पाहणाऱ्या ठिकाणी ही चूक व्हायला नको होती. शिवाय कामाला सांगितल्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले आणि ते मला विचारल्यावर कळले. ज्याची गाडी उभी राहिली की उत्पन्न थांबते, त्याला आधी फोन करणे हा शिष्टाचार आहे.

आता निकाल. पूर्ण दाबावरचे डिझेल आधीच्या वाढवलेल्या आकड्यापेक्षा कमी केले गेले आणि तरीही गाडी चढावर एक गिअर वर राहते, कारण सहाही सिलिंडर सारखे काम करतात आणि डिझेल हवेच्या मागोमाग येते. त्याच चढावर तेवढ्याच भाराने टर्बोच्या आधीचे तापमान आता ६४० अंशांच्या आसपास स्थिरावते. धूर गिअर बदलतानाच्या एका पुसट झोतापुरता उरला आहे. ॲव्हरेज टाकी-ते-टाकी पद्धतीने पाच भरण्यांवर मोजले तेव्हा लिटरमागे साधारण पाव किलोमीटरची वाढ दिसली. ही वाढ जुळणीची जादू नव्हे, जे डिझेल काजळी होऊन उडत होते ते वाचले, एवढाच तिचा अर्थ आहे. पंप चांगल्या स्थितीत असलेल्या गाडीला या सेवेतून ॲव्हरेज वाढेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

ज्यांना मूळ क्षमतेपेक्षा शक्ती वाढवून हवी आहे त्यांच्याशीही हे केंद्र सरळ बोलते. माझ्या समोरच एका मालकांनी तीस टक्के डिझेल वाढवून मागितले, तेव्हा त्यांना आधी बूस्ट आणि तापमानाचे वाचन आणायला सांगितले गेले आणि टर्बो तेवढी हवा देत नसेल तर सील लावणार नाही, असे स्पष्ट सांगितले. धुराच्या नियमांचीही त्यांना जाणीव करून दिली. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनांसाठी मी या सेवेची शिफारस अजून करणार नाही. तिथे प्रमाण आणि वेळ दोन्ही संगणक ठरवतो, रेलमधला दाब १६०० बारच्याही पुढे जातो आणि प्रत्येक इंजेक्टरच्या मापातला फरक सांगणारा कोड संगणकात भरावा लागतो. त्या कामाचे बेंच इथे आहे, पण माझा अनुभव यांत्रिक पंपापुरताच आहे.

अहवालाबद्दल माझी एक मागणी अजून उभी आहे. छापील कागदावर फुल-लोड, मधला वेग आणि रिकाम्या फेऱ्यांचे आकडे सहाही प्लंजरांसाठी असतात, पण दाब नसतानाचे डिझेल आणि रॅक किती दाबावर सुटतो हे दोन आकडे त्यावर नसतात. टर्बो इंजिनाच्या मालकाला तेच सर्वात आधी हवे असतात, कारण पुढच्या वेळी डायफ्राम फाटला की बिघाड याच दोन आकड्यांवरून ओळखता येईल. मी विचारल्यावर बेंचवाल्यांनी ते कागदाच्या मागे पेनने लिहून दिले आणि खाली तारीख घातली. तो कागद गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवला आहे.